ब्लॅक डॉगच्या लेबलवरचं १८८३

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना माहीत आहे की मधे दोनदा ट्रकचा हॉर्न आलाय. शहागडला घरी आलो होतो तेव्हा रेकॉर्ड केलं, आणि आमचं घर धुळे-सोलापूर हायवेपासून हाकेच्या अंतरावर आहे. लिहिताना हॉर्न काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आधी एक सूचना. विषय व्हिस्कीचा आहे. महाराष्ट्रात व्हिस्की घ्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, आणि परवानाही लागतो. त्याखालच्यांनी फक्त ऐका. वरच्यांनीही फक्त ऐकलं तरी काही बिघडत नाही, कारण चव कशी आहे यावर मी एक शब्द बोलणार नाहीये.

तर, मी सहावी-सातवीत असेन. गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे एक पंक्चरचं दुकान होतं. तिथे फळीवर बॅटरीचं पाणी भरलेली एक काचेची बाटली असायची. लेबल अर्धं सोललेलं. नवीन नवीन इंग्रजी वाचायची खाज होती, म्हणून अक्षरं जुळवली : ब्लॅक डॉग. त्याखाली : सेंटेनरी. वडिलांना विचारलं, सेंटेनरी म्हणजे काय? म्हणाले, शताब्दी. मी म्हटलं, कुत्र्याची शताब्दी? वडील म्हणाले, गप चल.

तो प्रश्न डोक्यात तसाच राहिला. बीटेक झालं, नोकरी लागली, आणि एकदा ऑफिसातल्या एका मित्राच्या घरी कुणीतरी त्याच ब्रँडची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. गोष्ट अशी : १८८३ साल. मुंबईत फिप्सन अँड कंपनी नावाची दारूची पेढी. तिथला वॉल्टर मिलर्ड नावाचा एक स्कॉटिश माणूस चांगल्या व्हिस्कीच्या शोधात मायदेशी गेला. खूप शोधाशोध करून त्याने लीथ बंदरातल्या जेम्स मॅकिन्लेचं मिश्रण पसंत केलं. मिलर्डला सामन मासे पकडायचा नाद होता. गळाला लावायच्या ज्या नकली माशीवर त्याचा जीव होता तिचं नाव ब्लॅक डॉग. तेच त्याने व्हिस्कीला दिलं. म्हणजे कुत्रा नाहीच, माशी आहे! सगळे खूश.

आता आमच्या कामात एक सवय लागते. कोडमधली एखादी ओळ विचित्र दिसली की ती कुणी लिहिली आणि कधी लिहिली हे आधी बघायचं. याला गिट ब्लेम म्हणतात. मी घरी येऊन या गोष्टीचं गिट ब्लेम काढायला बसलो.

पण त्याआधी ‘मिश्रण’ म्हणजे काय ते बघू, नाहीतर मुंबईचा दुकानदार स्कॉटलंडच्या व्हिस्कीला स्वतःचं नाव कसं देऊ शकतो हे कळणार नाही.

स्कॉच दोन प्रकारे बनते. मोड आणलेल्या बार्लीपासून तांब्याच्या भांड्यात, थोडी थोडी, खेपेखेपेने ऊर्ध्वपातन केलेली ती माल्ट. आणि गहू-मका वगैरे धान्यापासून उंच खांबासारख्या भट्टीत, न थांबता, स्वस्तात निघते ती ग्रेन. खांबाच्या भट्टीचं गाजलेलं पेटंट एनियस कॉफी या माणसाचं, १८३० चं. हा आधी अबकारी अधिकारी होता, म्हणजे दारूवाल्यांना पकडता पकडता त्यानेच सगळ्यात मोठी भट्टी शोधली. माल्टला चव भरपूर, पण एका खेपेसारखी दुसरी खेप येईलच असं नाही. ग्रेन सौम्य आणि एकसारखी. १८६० च्या कायद्याने दोन्ही एकत्र करणं सोपं झालं, आणि एडिंबराच्या अँड्र्यू अशरसारख्या लोकांनी त्याचा धंदाच उभा केला. ही ब्लेंडेड स्कॉच.

हे करणारे बरेचसे लोक किराणा दुकानदार होते, हे मला फार आवडलं. जॉनी वॉकर म्हणजे किलमारनॉकचं किराणा दुकान. शिवास म्हणजे ॲबरडीनचं किराणा दुकान. आपल्याकडे नाही का चहावाला तीन डब्यांतली पावडर एकत्र करून ‘आपला स्पेशल’ म्हणून पुडी देतो, तसंच. आसामची कडक, दुसरी रंगाला, तिसरी भाव खाली आणायला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये फायलोक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षमळे खाऊन टाकले, ब्रँडी मिळेना, आणि साहेब लोक सोडा घालून ही मिश्रणं प्यायला लागले. जहाजं भरून ती मुंबईला यायला लागली. इथला व्यापारी तिकडच्या पेढीला सांगणार, मला असं मिश्रण करून द्या, वर माझं नाव टाका. त्यामुळे गोष्टीचा सांगाडा अगदी शक्यतेतला आहे. फिप्सन अँड कंपनी खरी. लीथचे मॅकिन्ले खरे. वॉल्टर मिलर्डसुद्धा खरा.

फक्त तारीख जुळत नाही.

वॉल्टर सॅम्युअल मिलर्ड जन्मला १८६४ मध्ये, इंग्लंडमधल्या हंटिंग्डनला, एका पाद्र्याच्या घरी. फिप्सनच्या धंद्यात मदतनीस म्हणून तो मुंबईला आला १८८४ मध्ये. म्हणजे १८८३ मध्ये तो १९ वर्षांचा पोरगा, मुंबई अजून बघितलेली नाही, आणि स्कॉटिश तर नाहीच. गोष्टीतला माणूस मुंबईहून स्कॉटलंडला ‘परत’ जातो, तेव्हा खरा माणूस मुंबईलाच यायचा होता. नाव तेच, पेढी तीच, पण साल आणि देश दोन्ही चुकलेले. कोडच्या भाषेत, ही फाइल तयार होण्याआधीच तिच्यात बदल केल्याची नोंद आहे.

मी कंपनीला खोटारडी म्हणत नाहीये. जुन्या ब्रँडच्या गोष्टी दहा हातांतून येतात, मालक बदलतात, माहितीपत्रक लिहिणारा बदलतो. पण एकदा धागा ओढल्यावर मी थांबलो नाही, आणि पुढे जे निघालं ते माशीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी भारी होतं. खरं सांगायचं तर हा भाग मी त्यासाठीच केलाय.

१८८३ हे साल या दुकानाच्या गोष्टीत खरोखर महत्त्वाचं आहे, पण व्हिस्कीमुळे नाही. त्या वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली. बीएनएचएस, पक्षीवाल्या मित्रांना माहीतच असेल. आठांत दोन आपली माणसं : डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि डॉ. सखाराम अर्जुन. साप, फुलपाखरं, कातडी, शिंगं जमायला लागली, ठेवायला जागा नाही. तेव्हा हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्याने आपल्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या दुकानाचा एक भाग देऊन टाकला. फोर्ब्स स्ट्रीट म्हणजे आजचा काळा घोड्याजवळचा डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग. पुढे १८८६ मध्ये बिऱ्हाड ६, अपोलो स्ट्रीटला गेलं, आणि फिप्सन २० वर्षं, १९०६ पर्यंत, संस्थेचा मानद सचिव राहिला. म्हणजे भारतातली एक सगळ्यात जुनी निसर्गसंस्था वाढली ती वाइनच्या पेट्यांच्या शेजारी.

तिथे फिप्सनच्या खुर्चीमागे एका पिंजऱ्यात विल्यम राहायचा. विल्यम हा धनेश, मोठा, चोचीवर पिवळं शिरस्त्राण असलेला. १८९४ मध्ये पिल्लू असताना कारवारहून आला. केळी खायचा, जंगली उंबरं खायचा, जिवंत उंदीर आणि विंचूही खायचा. तीस फुटांवरून फेकलेला टेनिसचा चेंडू चोचीत झेलायचा. २६ वर्षं तिथे काढून १९२० मध्ये गेला. तार गिळली म्हणून गेला असं म्हणतात. पण एकदा पेटलेला सिगार गिळूनही त्याला काही झालं नव्हतं, म्हणून त्याला ओळखणाऱ्या एकाने लिहून ठेवलंय की तारेचं निमित्त, खरं तर त्याचा जुना मित्र गेल्याचं दुःख. बीएनएचएसच्या बोधचिन्हावर जो धनेश आहे ना, तो हाच. मुंबईतल्या त्यांच्या इमारतीचं नावही हॉर्नबिल हाऊस.

आता मिलर्ड. फिप्सननंतर १९०६ ते १९२० तो सचिव होता. १९०८ ची गोष्ट. खेतवाडीत मामांकडे वाढलेल्या एका पोराने खेळण्यातल्या छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. खायला घेतली तर गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नाही. मामा म्हणाले, सोसायटीत जाऊन दाखव, आणि ओळखीची चिठ्ठी दिली. पोरगा घाबरत घाबरत दुकानात गेला. समोर मिलर्ड. त्याने पक्षी बघितला, पिवळ्या गळ्याची चिमणी म्हणून ओळखला, पोराला हाकलून न देता आत नेलं, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले आणि पक्ष्यांची नोंद कशी ठेवायची ते शिकवायची सोय केली. पोराचं नाव सालिम अली. म्हातारपणी त्यांनी आत्मचरित्र लिहिलं त्याचं नावच ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’.

हाच मिलर्ड, ज्याच्या प्रेरणेने १९११ मध्ये देशभरातल्या सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण सुरू झालं. ब्लॅटरसोबत त्याने भारतातल्या सुंदर झाडांवर पुस्तक लिहिलं. आणि बाटलीच्या गोष्टीत त्याच्या वाट्याला काय आलं? मासे पकडायची माशी.

आणि फिप्सनच्या घरातली गोष्ट तर मला कुणीच सांगितली नव्हती. त्याची बायको एडिथ पेची. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला भांडलेल्या सात बायकांपैकी एक. तीही मुंबईला आली १८८३ मध्येच, डिसेंबरात, पुढे कामा हॉस्पिटल सांभाळायला. त्या आठ संस्थापकांतले डॉ. सखाराम अर्जुन आठवतायत? त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई. बालपणी लावून दिलेल्या लग्नात नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात उभी राहिलेली, तुरुंगात जायला तयार झालेली रखमाबाई. तिने लंडनला जाऊन डॉक्टर व्हावं म्हणून पाठीशी उभ्या राहिलेल्यांत एडिथ पेची पुढे होती. १८८९ मध्ये एडिथने फिप्सनशी लग्न केलं, आणि त्याच वर्षी रखमाबाई लंडनला वैद्यक शिकायला लागली. एका दारूच्या दुकानाभोवती हे सगळं.

बरं, माझ्या मूळ प्रश्नाकडे. सेंटेनरी. शताब्दी कुणाची?

शताब्दीच्या, स्मरणाच्या बाटल्या काढणं ही स्कॉच धंद्याची जुनी सवय आहे. २ जून १९५३ ला एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला, तेव्हा शिवासवाल्यांनी रॉयल सल्यूट काढली. २१ तोफांची सलामी म्हणून २१ वर्षं मुरवलेली. प्रसंग ठरलेला, तारीख ठरलेली, आकड्यालाही अर्थ. ब्लॅक डॉग सेंटेनरीचं गणित मला तसं मांडता येत नाही. १८८३ मध्ये शंभर मिळवले की १९८३. आमच्या पंक्चरच्या दुकानात ती बाटली आली त्याच्या पंचविसेक वर्षांनी. त्या बाटलीतली व्हिस्की होती आठ वर्षं मुरलेली. आठाचा आणि शंभराचा काही संबंध नाही. पुढे तिचं नाव बदलून ब्लॅक रिझर्व्ह झालं, शताब्दी गळून पडली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

स्मरणाची बाटली नीट कशी करतात याचं उदाहरण गंमत म्हणजे त्याच मॅकिन्लेच्या घराण्यात आहे. १९०७ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाला तेव्हा सामानात मॅकिन्लेच्या व्हिस्कीच्या पेट्या होत्या. त्याच्या अंटार्क्टिकातल्या झोपडीच्या फळ्यांखाली काही पेट्या बर्फात तशाच राहिल्या. शंभर वर्षांनी सापडल्या, २०१० मध्ये बाहेर काढल्या, न्यूझीलंडमधल्या कँटरबरी म्युझियममध्ये हळूहळू वितळवल्या. बाहेर दगडासारखा बर्फ, आत व्हिस्की पातळच. तेव्हा मॅकिन्लेचं नाव व्हाइट अँड मॅके कंपनीकडे होतं, आणि ती कंपनी होती विजय मल्ल्यांच्या समूहाची. ब्लॅक डॉगही त्यांचीच. तर २०११ मध्ये तीन बाटल्या मल्ल्यांच्या खासगी विमानातून स्कॉटलंडला गेल्या. बुचातून सुई घालून नमुना काढला. निघालं काय? ४७.३ टक्के अल्कोहोल, आणि ज्या कोळशासारख्या मातीच्या धुरावर बार्ली वाळवली ती ऑर्कनी बेटांवरची. ज्या ग्लेन मोर भट्टीची ती माल्ट मानली जाते ती १९८३ मध्येच बंद पडलेली. मग रिचर्ड पॅटरसन या ब्लेंडरने हातात असलेल्या माल्ट जुळवून तिची नक्कल बसवली, ५०,००० बाटल्या काढल्या, आणि मूळ बाटल्या परत अंटार्क्टिकाला पोचवल्या. यातही विक्री आहेच, ते काही धर्मादाय करत नव्हते. पण विकणाऱ्याच्या हातात वस्तू होती, मोजमाप होतं. कुणीही तपासावं.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, लेबलवर मग विश्वास कशावर ठेवायचा? काही आकडे कायद्याने बांधलेले आहेत. ‘स्कॉच’ लिहायचं तर ती स्कॉटलंडमध्ये बनलेली आणि किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली हवी. ‘८’ किंवा ‘१२’ लिहिलं तर त्या मिश्रणातली सगळ्यात तरुण व्हिस्की तेवढ्या वयाची हवी. त्यात वीस वर्षांची घातली तरी वय धाकटीचंच सांगायचं. ब्लेंडेड स्कॉच टाक्यांतून भारतात आणून इथे बाटलीत भरता येते, ब्लॅक डॉग तशीच इथे भरली जाते, आणि त्यात चुकीचं काही नाही. साल, माशी, शताब्दी, कुत्र्याचं चित्र यांचं ऑडिट होत नाही.

आणि लेबलवर एक खरा इतिहास असतोच, फक्त तो बारीक अक्षरांत असतो : ४२.८ टक्के. असा अर्धवट आकडा का? सरळ ४० का नाही? कारण जुन्या ब्रिटिश मोजणीत ५७.१ टक्के म्हणजे १०० अंश प्रूफ. त्यातले ७५ अंश आपण धरून ठेवले. ५७.१ चे ७५ टक्के काढून बघा मोबाइलवर. ४२.८. इंग्रज गेले, त्यांनी स्वतः ती मोजणी बदलली, आपल्या बाटल्यांवर अजून आहे. याची शताब्दी कुणी करत नाही.

घरी बसून बोलतोय म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे बाटलीतल्या दारूच्या दोन जाती : देशी आणि इंग्लिश. इंग्लिश म्हणजे रंगीत, सील असलेली, इभ्रतीची. पण भारतात बनणाऱ्या बऱ्याच स्वस्त ‘इंग्लिश’ व्हिस्कीचा पाया बार्ली नसून मळी आहे. मळी म्हणजे साखर कारखान्यात उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरतो तो काळा पाक. इकडे अंबड तालुक्यात जायकवाडीचं पाणी आहे, ऊस आहे, अंकुशनगरला कारखाना आहे; मळीचा वास कसा असतो ते आम्हाला लहानपणापासून माहीत. त्या मळीपासून शुद्ध अल्कोहोल काढायचं, त्यात रंग आणि थोडी माल्ट. युरोपात याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. देशीही बहुतेक मळीचीच. म्हणजे गावात ज्यावरून एकाला बेवडा आणि दुसऱ्याला शौकीन म्हणतात, त्या दोघांच्या ग्लासात एकाच उसाचं पाणी असू शकतं. देशीच्या बाटलीला वारसा नसतो. तिची गोष्ट सांगायला गावातल्या बायका असतात, आणि त्या गोष्टीत माशी नसते, मंगळसूत्र असतं.

पंक्चरचं ते दुकान हायवे चौपदरी झाला तेव्हा उठलं. मालकाला विचारायला गेलो होतो, ती बाटली कुठून आली होती. त्यांना बाटली आठवेना. म्हणाले, तशा लई यायच्या, काच जाड असते म्हणून ठेवायचो.

पुढच्या वेळी मुंबईला जाणार आहे तेव्हा हॉर्नबिल हाऊसला जाईन म्हणतो. कुणी गेलं असेल तर सांगा, विल्यमबद्दल तिथे काही बघायला मिळतं का.